तेराव्या गल्लीची चौकशी

सांडूमामा फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन कानाला लावला की थेट उत्तरच. “सात नंबर, उद्या सकाळी साडेसहा,” एवढं बोलून फोन बंद. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याला हवं ते मिळालेलं असायचं, कारण आमच्या कॉलनीतल्या बारा गल्ल्या रोज एकच प्रश्न विचारत असत: पाणी कधी येणार? मामांच्या मोबाइलमधल्या कार्डात कोणाचंही नाव नव्हतं. ‘गल्ली सात घर तीन’, ‘गल्ली दोन घर अकरा’ अशा नोंदी होत्या. मोठमोठे डॉक्टर, वकील, निवृत्त साहेब, सगळे त्यांच्या खिशात नुसत्या घर क्रमांकानं राहत होते.

संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या त्या कॉलनीत मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझ्या एका हातात किल्ली ठेवली आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर सांडूमामांचा नंबर होता. “दूधवाल्याचा नंतर देतो, हा आधी जपून ठेवा,” म्हणाले. मला ते जरा अतीच वाटलं. चार दिवस नळातून नुसती हवा आल्यावर मात्र मी मुकाट्यानं फोन लावला.

“गल्ली सांगा,” पलीकडून आवाज आला.

“अहो, मी नवीन राहायला आलेय. माझं नाव...”

“नावाला पाणी येत नाय ताई, गल्लीला येतं. गल्ली सांगा.”

“चार.”

“चार नंबर, परवा, सकाळी पावणेसहा. पिंपं धुऊन ठेवा.” आणि फोन बंद.

मला भयंकर राग आला. परवाच्या दिवशी मी मुद्दाम घड्याळ घेऊन नळापाशी उभी राहिले. पाच चव्वेचाळीसला नळ खाकरला आणि पावणेसहाला पाणी आलं. आता हा राग कुठे ठेवावा, ते मला कळेना. शेवटी पिंप भरता भरता तो वाहून गेला.

कॉलनीची स्वतःची उंच टाकी होती. टाकीतलं पाणी बारा गल्ल्यांना एकदम पुरत नसे, म्हणून रोज दोन-दोन गल्ल्यांना सोडायचं, आणि प्रत्येकीची पाळी सहाव्या दिवशी. हे सोडायचं काम सांडूमामांचं. मूळचे सिल्लोडकडचे. विशीत या जागेवर पाइपांसाठी चर खणायला आले आणि चर बुजल्यावर लाइनमन म्हणून इथंच राहिले. पंपघराला लागून एक खोली, तिथे ते आणि मामी. छातीएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सायकलवरून निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी आतल्या व्हॉल्व्हवर बसवायची, दोन्ही हातांनी फिरवायची, आणि मग चावीच्या मुठीला कान लावून डोळे मिटून उभं राहायचे. जमिनीखालचं पाणी निघालं की नाही, ते त्यांना त्या लोखंडातून ऐकू येई. “निघालं. पोटातून बोलतंय,” म्हणायचे आणि पुढच्या झाकणाकडे जायचे.

उघडण्यासाठी जसे ते प्रसिद्ध, तसे बंद करण्यासाठीही. कोणाच्या अंगणातला नळ ठिबकताना दिसला, तर न विचारता आत शिरून तो आवळून येत. दिवसा जळणारा रस्त्यावरचा दिवा, उघडं फाटक, मागं चालू राहिलेला पंखा, काहीही त्यांना सहन होत नसे. एकदा माझ्या घरी नळाचं चाक बदलायला आले आणि जाताना सवयीनं पंख्याचं बटण बंद करून गेले. मी पंख्याखालीच बसले होते. मे महिना होता. मी ओरडले तेव्हा परत आले, बटण दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, “उघडं सोडून जायचं नाय, ही हाताला सवय हाय ताई. हात माझं ऐकत नाय.”

या माणसाला मी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवली. म्हणजे मी असं म्हणते. खरं काय झालं ते पुढे येईलच.

मी घरून काम करणारी. एका दुपारी मामा दारात येऊन उभे राहिले. चावी नव्हती, म्हणजे काम वेगळं होतं. मी चहा ठेवला. मग बशी हातात घेऊन त्यांनी कावेरीची गोष्ट सांगितली. कावेरी त्यांची एकुलती एक मुलगी, पैठणला दिलेली. तिचं लग्न गावाकडे झालं, त्या दिवशीही मामांचा फोन वाजत होता. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हळू आवाजात तीन गल्ल्यांना वेळ सांगितली होती. जेवणावळी चालू असताना नऊ नंबरचा व्हॉल्व्ह अडकल्याचा फोन आला, आणि ते जीप पकडून कॉलनीत परत आले. पाठवणीला बाप नव्हता. कावेरी गाडीत बसेपर्यंत रस्त्याकडे बघत होती, असं मामींनी नंतर सांगितलं.

“आता तिला पोरगा झाला,” मामा म्हणाले. “मामी तिकडंच हाय. पुढल्या महिन्यात बारसं. पोरगी म्हणली, आण्णा, साऱ्या कॉलनीला टाइम देता, मला एकदा तरी द्या. आठ दिवस. फोन न उचलता.” बशीतला चहा गार होत होता. “पाणी सोडायला शकील येईल बाजूच्या कॉलनीतला. चावी कोणालाबी फिरवता येते. पण फोन? दोनशे घरं हायेत. तुमी कंपुटरचं काम करता. माझ्यासारखं जवाब देणारं काही बनतं का त्याच्यात?”

मला हसू आलं. इतकी सोपी गोष्ट या माणसानं इतक्या संकोचानं मागावी! मी म्हटलं, “मामा, एक छोटा सर्व्हर लिहायचा. लोक मोबाइलवर गल्ली उघडतील, तो वेळ सांगेल. एका दुपारी करून देते.”

“करून नका देऊ. शिकवा.”

“अहो, कशाला?”

“बिघडलं तर मला उघडता यायला पायजे. जो व्हॉल्व्ह मी स्वता बसवला नाय, त्याची जबाबदारी मी घेत नसतो.”

अशी आमची शाळा सुरू झाली. दुपारी दोन ते चार पाणी सुटत नसे, तीच वेळ. मामा दहावीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं त्यांना पंपांच्या मोटारींवरच्या पत्र्यांवरून पाठ झालेली. माझा एक जुना लॅपटॉप होता, बॅटरी मेलेली, तारेवरच चालणारा. त्याच्यापुढे ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसत. शेजारी दोनशे पानी वही. टायपिंग एका बोटानं, पण ते बोट चुकत नसे. आणि मध्ये मध्ये फोन: “दहा नंबर, सोमवारी सात.” “व्हय, एक नंबर आजच, साडेचारला.”

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना शिकवतात तेच शिकवायला घेतलं. सर्व्हर म्हणजे कान देऊन बसलेला कार्यक्रम. कोणी काही मागितलं की त्यानं उत्तर द्यायचं. आठ ओळींत होतो. पहिल्यांदा उत्तर म्हणून जगाला नमस्कार लिहायचा, ही पद्धत.

“जगाला कशाला?” मामा म्हणाले. “जगानं काय विचारलंय आपल्याला?”

“मामा, नुसतं चालतंय का बघायला.”

“मंग खरं काहीतरी लिहू. पहिलाच जवाब खोटा नको.” आणि एका बोटानं, दहा मिनिटं खर्च करून त्यांनी लिहिलं: आज चार नंबरला पाणी नाही. जे खरंच होतं.

मग कंसातली दोन नावं आली. आलेली मागणी आणि जायचं उत्तर, यांना सगळं जग इंग्रजीत दोन आखूड नावं देतं. मामांनी विचारलं, ही नावं सरकारी आहेत का आपण ठेवायची? मी म्हटलं, आपण ठेवायची. त्यांनी लगेच एकाला ‘सवाल’ आणि दुसऱ्याला ‘जवाब’ असं इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं. मी दहा वर्षं हे काम करते आहे. ती नावं बदलता येतात हे मला माहीत होतं, पण बदलावीत असं कधी सुचलं नव्हतं. पुढे आलं पोर्ट. मी सांगितलं, इथे तीन हजार लिहा.

“तीन हजारच का?”

“सगळे तेच लिहितात.”

मामांनी माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं. “म्हणजे तुमालाबी ठाव नाय.”

मला नव्हतंच ठाऊक. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी शोधून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की एकाच यंत्राला पुष्कळ दारं असतात, त्यांना नंबर असतात, त्यातलं एखादं मोकळं दार आपण घ्यायचं, तीन हजारात खास असं काही नाही. “हां,” मामा म्हणाले, “म्हणजे व्हॉल्व्हचे नंबर. आधी सांगायचं ना.” आणि वहीत लिहून घेतलं. त्या सहा आठवड्यांत मला माझ्या धंद्यातल्या इतक्या गोष्टी शोधून वाचाव्या लागल्या, की कोण कोणाची शिकवणी घेतंय, असा प्रश्न मला पडायला लागला.

आठ ओळी झाल्या. सर्व्हर सुरू केला, ब्राउझर उघडला, आणि पडद्यावर आलं ते मराठी नव्हतं, इंग्रजी नव्हतं, कुठलंच नव्हतं. डोक्यावर टोप्या घातलेली उलटीसुलटी अक्षरं. मामा पुढे वाकले. “ही कोण्या गावची बोली?” मी कपाळावर हात मारला. उत्तराच्या आधी, उत्तर कुठल्या लिपीच्या रीतीनं लिहिलंय हे सांगणारी एक ओळ द्यावी लागते, ती मी विसरले होते. ती ओळ घातली आणि स्वच्छ मराठीत उमटलं: आज चार नंबरला पाणी नाही. पाणी नाही हे वाचून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामांनी ते पान तीनदा उघडलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. “चिडत नाय हे,” ते कौतुकानं म्हणाले. “मी तिसऱ्या वेळंला चिडतो.”

चुका पुष्कळ झाल्या. कंस राहायचा, अवतरणचिन्ह राहायचं, पडद्यावर लाल ओळी यायच्या. त्यांचं मामांना काही वाटत नसे. फक्त एकदा ते खरोखर अस्वस्थ झाले. त्या दिवशी उत्तर संपवून पाठवणारी शेवटची ओळ लिहायची राहिली होती. अशा वेळी चूक दिसत नाही. ब्राउझर नुसता वाट पाहत राहतो, वर चाक फिरत राहतं. मामा त्या चाकाकडे बघत राहिले. मी म्हटलं, “काही नाही, एक ओळ राहिलीय.”

मग मामा म्हणाले, “आईला घेऊन आलो व्हतो एकदा, गावाकडून. एका दवाखान्यात. डाक्टर कधी येतील म्हणून विचारलं खिडकीवर. आतला माणूस काहीच बोलला नाय. नाय म्हणला असता तर दुसरीकडं नेली असती. तीन घंटे उभा व्हतो तसाच.” त्यांनी ती ओळ लिहिली. “आई वाचली. पण ते चाक तव्हापासून माझ्या डोस्क्यात फिरतंय. नाय तर नाय सांगावं, उशीर तर उशीर सांगावं. माणसाला ताटकळत ठेवू नये.”

हा माणूस मंगलाष्टकांत फोन का उचलत होता, ते मला त्या दुपारी कळलं. मी आत जाऊन पुन्हा चहा ठेवला.

पुढे सर्व्हर गल्ली ओळखायला शिकला. वेबपत्त्याच्या शेवटी चार लिहिलं की चौथ्या गल्लीची वेळ, सात लिहिलं की सातवीची. वेळा एका वेगळ्या साध्या फायलीत, म्हणजे मामांना रोज संध्याकाळी नुसत्या त्याच बदलता येतील. मी म्हटलं, आता कोणी भलताच आकडा लिहिला तर? समजा तेरा? तेरावी गल्ली आपल्याकडे नाहीच. अशा वेळी सगळे ‘सापडलं नाही’ असं सांगून मोकळे होतात. मामांनी दोन दिवस विचार केला आणि मग लिहिलं: ‘तेरा नंबर गल्ली आपल्याकडे नाही. पण आलात तर बसा.’

“मामा, हे काय?”

“चुकून आलेलं माणूस हाय. त्याला काय दारातूनच हाकलायचं?”

सोमवारी सर्व्हर कॉलनीसाठी खुला झाला. लॅपटॉप पंपघरात, बाहेरच्या इंटरनेटवरून तिथवर यायची वाट माझ्या एका मित्रानं काढून दिली होती. पंपघराच्या दारावर खडूनं पत्ता लिहिला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर सगळं झकास चाललं. मामांचा फोन चक्क दुपारभर गप्प होता. मी मनात स्वतःला शाबासकीही देऊन घेतली.

संध्याकाळी सहापासून फोन सुरू झाले, आणि दुप्पट. लोक आता दोन प्रश्न विचारत होते: पाणी कधी येणार, आणि ते तुमचं का उघडत नाही? काही माझ्याकडेही आले. मी दीड तास माझ्या घरी बसून तेवढ्या ओळी तपासल्या. एक चूक सापडेना. बारसं पाच दिवसांवर आलेलं. शेवटी चपला घालून पंपघरात गेले. लॅपटॉप मिटलेला, वर स्वच्छ फडकं झाकलेलं, बटण बंद, पिन काढून वायरीचं सुबक वेटोळं करून ठेवलेलं.

“मामा!”

“काय झालं?”

“हा बंद कोणी केला?”

“मीच. काम संपलं ना सहाला. उघडं सोडून जायचं नाय.”

मी तिथल्या पोत्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चूक माझीच होती. तो चालू कसा करायचा हे सहा आठवडे शिकवलं, आणि तो बंद करायचाच नसतो हे सांगायचं राहिलं. तेही या माणसाला! आता सांगितलं, तर त्यांना ते पटेना.

“रातभर उघडा? कोणी विचारत नसताना?”

“कोणी कधी विचारेल ते आपल्याला माहीत नाही ना. म्हणून त्यानं कान उघडे ठेवून बसायचं.”

“हे बरोबर वाटत नाय, ताई. वाया जातं.”

“मामा, तुम्ही तुमचा फोन कधी बंद केलाय?”

त्यांनी खिशातला फोन काढून बघितला. बाहेर मोटर चालू होती. “मी कसा बंद करीन,” ते म्हणाले. “मला बसावंच लागतं.”

“त्याला बसवलं, तरच तुम्हाला उठता येईल.”

मामांनी फडकं काढलं, घडी घातली, पिन खोचली, बटण दाबलं. सर्व्हर सुरू केला. मग व्हॉल्व्ह रंगवायचा लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि बटणाच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सांडू, बंद करू नको. त्यांचा हात त्यांचं ऐकत नसे, म्हणून त्यांनी हातासाठी पाटी लावली. तरी जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

बारशाच्या आदल्या दिवशी शकीलभाई चावी घ्यायला आले; फायलीतल्या वेळा तेवढे दिवस मी बदलणार होते. ते बाजूच्या कॉलनीचे लाइनमन. मामा त्यांना नऊ नंबरचा व्हॉल्व्ह कसा हळू फिरवायचा ते चौथ्यांदा सांगत होते. “अरे सांडूभाऊ, तुम जाव ना,” शकीलभाई म्हणाले, “मैं हूँ. टाइम पे छोडता, मिनिट इधर का उधर नई होने देता. बच्चे कू मेरी दुआ बोलो.” मामांनी चावी दिली. खांदा रिकामा झाल्यावर त्यांना सायकलही नीट धरता येईना, मग ती तिथेच ठेवून चालत स्टॉपकडे गेले.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. “ताई, मेलं का ते?”

“कोण?”

“आपलं ते. सकाळपासून एकबी फोन नाय आला मला. बंद पडलं असंल.”

सर्व्हरनं कोणी काय विचारलं त्याची एकेक ओळ पडद्यावर लिहायची, अशी सोय मामांनी स्वतः हौसेनं केली होती. मी पंपघरात जाऊन त्यांना ती वाचून दाखवायला लागले. सहा वाजून दहा, पाच नंबर. सहा चौदा, अकरा नंबर. सहा वीस, पुन्हा पाच नंबर. “ते घर बारा असंल,” मामा पलीकडून म्हणायचे, “त्यांच्याकडं पाव्हणे हायेत.” निम्मं वाचून होईतो फोन कोणीतरी काढून घेतला. कावेरी होती. “ताई, त्यांना एकदा सांगा ना चालू हाय म्हणून. पाळण्याची दोरी हातात अन् कान फोनकडं!” ती हसत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण आले, ताई. नाव ठेवताना पोराला मांडीवर घेऊन बसले. खिशात फोन होता, तो वाजला नाय.”

मामा आठही दिवस राहिले. परतले ते पेढे घेऊन, पण थोडे बावरलेले. फोन आता दिवसातून चार-पाचदाच वाजे. न चुकता फोन करणाऱ्या एकच, दोन नंबरच्या आजी. मी म्हटलं, “आजींना शिकवू का मोबाइलवर बघायला?” मामा म्हणाले, “येतं त्यांना. नातसून बघते रोज. त्यांना पाणी नको असतं, जवाब पायजे असतो.” आणि फोन उचलून, “दोन नंबर, परवा सात, गुडघा कसा हाय?” असं एका दमात विचारलं. वेळ सांगताना त्यांनी उलट प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

वर्षभरानं मामांनी काम सोडलं. कावेरीनं पैठणला घराशेजारी खोली बांधून घेतली होती. निरोपाला सगळी कॉलनी पंपघराशी जमली. भाषण करा म्हटल्यावर मामा म्हणाले, “सात नंबर आन आठ नंबर, उद्या सहा वाजता,” आणि खाली बसले. सर्व्हरचा लॅपटॉप माझ्या घरी आला, वेळा शकीलभाई मला कळवतात, मी फायलीत लिहिते. लाल रंगातली पाटी मात्र पंपघराच्या भिंतीवरच राहिली.

मामा पैठणला गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पडद्यावरच्या ओळी बघत होते. पहिलीच ओळ: पाच पस्तीस, तेरा नंबर. कोणाचं तरी बोट चुकलं असेल, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाच पस्तीस, तेरा नंबर. चौथ्या दिवशीही. पाच पस्तीसला मामा दिवसाची पहिली चावी फिरवत, तेव्हा पावणेसहाला नळ बोलत असे. मी फोन केला. “व्हय, मीच,” म्हणाले. “चालू हाय का बघतो. मुठीला कान लावायचो, तसं.” तेव्हापासून रोज सकाळी चहा हातात घेऊन मी आधी ती ओळ बघते आणि मग कामाला लागते. जवळजवळ सव्वा वर्ष ती एकदाही चुकली नव्हती.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती आली नाही. पहिली ओळ सहा वाजून चारची, अकरा नंबरची. मी सर्व्हर तपासला, चालू होता. इंटरनेट तपासलं, ठीक होतं. चूक माझ्याच कामात निघावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. विसरले असतील म्हणावं, तर तो माणूस विसरणारा नव्हता. सात वाजले. फोन लावला, बंद. मामांचा फोन बंद! कावेरीचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधी लागलाच नव्हता. आठला लावला, बंद. नऊला ऑफिसची मीटिंग होती, तिच्यात मी काय बोलले देव जाणे. पैठण काय, तासाभराचा रस्ता. बस धरावी का, असं म्हणून मी पर्सही भरून ठेवली. पाण्यासाठी मी इतके फोन कधी केले नव्हते. दहा वाजून गेल्यावर अकराव्यांदा लावला, आणि घंटा वाजली.

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, “चार नंबर, मी ठणठणीत हाय. नातवानं मोबाइल बादलीत बुडवला. कार्ड आत्ता जावयाच्या फोनात घातलं.” आणि फोन बंद.

विचारायला काही उरलंच नव्हतं. तरी मी तो बंद फोन कानाला लावून हॉलमध्ये उभी राहिले, दोन नंबरच्या आजींसारखी. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. हा माणूस मला किती हवा आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगायला गेले तर त्याच्याही आधी ते फोन ठेवतील.

पर्स रिकामी करून टेबलाशी आले, तर पडद्यावर नवी ओळ उमटली होती. दहा वीस, तेरा नंबर. पावणेपाच तास उशीर झाला होता, पण सर्व्हरनं त्यांना नेहमीचंच उत्तर दिलं होतं. पण आलात तर बसा.